ड्रायव्हर, दुभाषी आणि तर्कशास्त्र
(तृतीय वर्ष कला, तत्त्वज्ञान)

'ड्रायव्हर' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे खाकी कपड्यांतला एस. टी.चा ड्रायव्हर उभा राहतो. संगणकाच्या जगात मात्र या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथे ड्रायव्हर ही एक लहानशी आज्ञावली असते. संगणकाची मुख्य कार्यप्रणाली (म्हणजे विंडोज, लिनक्स इत्यादी) आणि बाहेरून जोडलेले एखादे यंत्र या दोघांची भाषा एक नसते. त्या दोघांमध्ये उभे राहून एकाचे म्हणणे दुसऱ्याला कळविण्याचे काम ही आज्ञावली करते. म्हणून तिला चालक म्हणण्यापेक्षा दुभाषी म्हणणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

दुभाष्याचे महत्त्व इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगावयास नको. १६७४ साली इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हा त्याच्याबरोबर नारायण शेणवी हे दुभाषी होते. वकील कितीही हुशार असला आणि नजराणा कितीही मोलाचा असला, तरी दुभाषी नसता तर बोलणी एक पाऊलही पुढे सरकली नसती. संगणकाचे असेच असते. यंत्र धडधाकट, तार शाबूत, महाजालाची जोडणीही चालू. आणि तरीही पडद्यावर 'जोडणी उपलब्ध नाही' हे शब्द. अशा वेळी पुष्कळदा दुभाषीच गैरहजर असतो, किंवा चुकीचा दुभाषी समोर उभा असतो.

हा विषय विज्ञान शाखेचा आहे, कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्यात का शिरावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, दोष शोधणे ही मुळात तर्काची क्रिया आहे. द्वितीय वर्षाला आपण जॉन स्टुअर्ट मिलच्या पाच पद्धती पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरून जातो. त्या पद्धती प्रत्यक्षात वापरून पाहण्यासाठी बिघडलेल्या संगणकासारखी स्वस्त प्रयोगशाळा दुसरी नाही. प्रस्तुत लेखात यूएसबीमार्गे होणाऱ्या जाळे-जोडणीतील दोष आणि त्यांचा शोध यांचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

१. यूएसबीची थोडी पूर्वपीठिका

पूर्वी संगणकाच्या पाठीमागे प्रत्येक उपकरणासाठी वेगळे तोंड असे. कळफलकासाठी एक, छपाईयंत्रासाठी दुसरे, मोडेमसाठी तिसरे. एकाची तार दुसऱ्यात जात नसे. हा घोळ संपावा म्हणून सात कंपन्यांनी एकत्र येऊन एक सामाईक पद्धत ठरविली आणि तिची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. हीच यूएसबी. तिच्या निर्मितीत इंटेल कंपनीतील अजय भट्ट यांचा प्रमुख वाटा होता. भट्ट हे मूळचे बडोद्याचे आणि तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर, ही गोष्ट मराठी वाचकांना आपलेपणाची वाटावी.

पहिल्या आवृत्तीचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त १२ मेगाबिट होता. २००० साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने तो ४८० वर नेला आणि २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीने ५००० वर. वेग वाढला, पण आरंभीच्या शिष्टाचारात मूलतः फरक पडला नाही. उपकरण जोडताच संगणक त्याला विचारतो, 'तू कोण?' उपकरण आपली ओळख दोन क्रमांकांत सांगते. पहिला क्रमांक निर्मात्या कंपनीचा, दुसरा त्या मालाचा. म्हणजे आडनाव आणि नाव असे समजावे. हे क्रमांक शून्य ते नऊ हे अंक आणि इंग्रजी ए ते एफ ही अक्षरे मिळून, प्रत्येकी चार चिन्हांत लिहितात. उदाहरणार्थ, रिअलटेक या कंपनीचे 'आडनाव' ०बीडीए असे आहे. तिच्या एका प्रचलित जाळे-जोडणी चिपचा क्रमांक ८१५३ आहे.

याखेरीज उपकरण आपला वर्गही सांगते. कळफलक आणि माउस यांचा वर्ग तीन, छपाईयंत्राचा सात, पेनड्राइव्हसारख्या साठवणीच्या साधनांचा आठ. वर्ग ओळखीचा असला की संगणक त्या वर्गासाठी आपल्यापाशी ठेवलेला सर्वसाधारण दुभाषी पुढे करतो. म्हणूनच नवा कोरा पेनड्राइव्ह कोणत्याही संगणकाला लावला तरी चालतो. जाळे-जोडणीच्या साधनांत मात्र इतकी एकवाक्यता नाही आणि आपल्या अडचणींचे मूळ येथे आहे.

यूएसबीच्या तारेवरून महाजालाची माहिती वाहून नेण्याच्या तीन बोली प्रचलित आहेत. आरएनडीआयएस ही मायक्रोसॉफ्टची बोली. ईसीएम आणि एनसीएम या यूएसबीच्या सामाईक प्रमाणातील बोली. लिनक्सला या तिन्ही समजतात. विंडोजला आरएनडीआयएस पहिल्यापासून येते. ईसीएमचा दुभाषी मात्र विंडोजबरोबर मिळत नाही. एनसीएमचा विंडोज ११ मध्ये अंगभूत आहे. मोबाईल फोनवरील महाजाल तारेने संगणकाला देताना (याला टेदरिंग म्हणतात) अँड्रॉइड फोन बहुधा आरएनडीआयएस बोलतात. यूएसबीला लावावयाचे वायफायचे डोंगल मात्र या तिन्हींपैकी काहीच न बोलता आपापल्या कंपनीची खासगी बोली बोलतात. त्यांच्यासाठी स्वतंत्र दुभाषी लागतो. तो संगणकात नसेल तर महाजालावरून आणावा लागतो, आणि महाजालावर जाण्यासाठी तर तोच हवा असतो! कुलुपाची किल्ली कपाटात राहावी, तसा हा प्रकार आहे.

२. दोष कोठे आहे?

'नेट चालत नाही' हे वाक्य आपण सर्रास वापरतो. तर्कशास्त्राच्या दृष्टीने हे विधान फारच संदिग्ध आहे. तारेपासून संकेतस्थळापर्यंत पाच पायऱ्या आहेत आणि दोष यांपैकी कोणत्याही पायरीवर असू शकतो.

पहिली पायरी तारेची. काही तारा केवळ फोन भारित करण्यासाठी केलेल्या असतात. त्यांत माहिती वाहणारे धागेच नसतात. अशा तारेने फोन भारित होत राहतो, म्हणून तार ठीक आहे असे आपण गृहीत धरतो. पण टेदरिंगचा पर्याय अंधूक राहतो, दाबता येत नाही.

दुसरी पायरी ओळखीची. उपकरण लावताच संगणकाने त्याची काहीतरी नोंद घेतली पाहिजे. विंडोजमध्ये 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून ठेवावा आणि उपकरण लावून-काढून पाहावे. यादी एकदा हलली, म्हणजे ओळख पटली. काहीच हलले नाही, तर दोष तार, तोंड किंवा उपकरण यांत आहे. मग ड्रायव्हरच्या मागे लागणे व्यर्थ. लिनक्समध्ये हेच काम 'एलएसयूएसबी' ही आज्ञा करते. ती सर्व जोडलेल्या उपकरणांचे दोन-दोन क्रमांक दाखविते.

तिसरी पायरी दुभाष्याची, म्हणजे ड्रायव्हरची. तिचा विचार पुढे सविस्तर केला आहे.

चौथी पायरी पत्त्याची. जोडणी झाल्यावर संगणकाला एक अंकी पत्ता मिळावा लागतो. विंडोजमध्ये 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा दिली की तो दिसतो. हा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर समजावे की संगणकाने पत्ता मागितला, कोणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. अशा स्थितीत ड्रायव्हर बहुधा काम करीत असतो. दोष पलीकडच्या बाजूला, किंवा वायफायच्या परवलीच्या शब्दात शोधावा.

पाचवी पायरी नावाची. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी एक यंत्रणा असते. ती बंद पडली तर सर्व काही ठीक असूनही पाने उघडत नाहीत. 'पिंग' या आज्ञेने ८.८.८.८ हा पत्ता साद देतो, पण नावाने विचारल्यास उत्तर येत नाही, असे दिसले तर दोष येथे आहे.

या पायऱ्या खालून वर क्रमाने चढाव्यात. अधलीमधली पायरी सोडून उडी मारणारा माणूस बहुधा तासभर भलत्याच ठिकाणी खटपट करतो.

३. डिव्हाइस मॅनेजरची सांकेतिक भाषा

तिसऱ्या पायरीवर विंडोज आपल्याला चांगली मदत करते. दोष असलेल्या उपकरणाच्या नावापुढे पिवळा त्रिकोण दिसतो आणि त्याचे गुणधर्म उघडले की एक क्रमांक मिळतो. हे क्रमांक पाहताच घाबरून जाण्याचे कारण नाही. वैद्यकात जशी लक्षणे, तसे ते आहेत.

क्रमांक २२ चा अर्थ, उपकरण कोणीतरी हेतुतः बंद करून ठेवले आहे. ते सुरू करावे, काम झाले. क्रमांक २८ म्हणजे ड्रायव्हर बसविलेलाच नाही. क्रमांक १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण उपकरण सुरू होऊ शकत नाही. दोघांचे जुळत नाही, असा संशय येथे प्रथम घ्यावा. क्रमांक ४३ म्हणजे उपकरणानेच आपल्यात बिघाड असल्याचे कळविल्यामुळे विंडोजने ते थांबविले. अशा वेळी दुसरे तोंड, दुसरी तार आणि दुसरा संगणक यांवर त्याची परीक्षा घ्यावी. क्रमांक ५२ म्हणजे ड्रायव्हरवरील डिजिटल स्वाक्षरी पडताळता आली नाही. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये व्हिस्टापासून अशा स्वाक्षरीवाचून ड्रायव्हर चालू दिला जात नाही. बनावट दुभाषी दरबारात शिरू नये, यासाठी केलेला हा बंदोबस्त आहे. तो उठविण्याचे उपाय कोणी सांगितले तरी ते टाळावेत.

क्रमांक २८ आल्यास उपकरणाचे 'आडनाव-नाव' पाहावे. गुणधर्मांच्या 'डिटेल्स' या पानावर 'हार्डवेअर आयडी' निवडले की दोन्ही क्रमांक दिसतात. खोक्यावरील झगमगीत नावापेक्षा हे क्रमांक अधिक विश्वसनीय. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या डोंगलांच्या पोटात निरनिराळ्या चिपा असू शकतात. क्रमांक मात्र चिपेची ओळख सांगतो.

४. मिलच्या पद्धती आणि ग्रंथालयातील एक प्रसंग

मिलने आपला तर्कशास्त्रावरील ग्रंथ १८४३ साली प्रसिद्ध केला. कारण आणि कार्य यांचा संबंध शोधण्याच्या पाच पद्धती त्यात त्याने मांडल्या. अन्वय, व्यतिरेक, त्या दोहोंचा संयोग, अवशेष आणि सहचारी परिवर्तन या त्या होत. आपल्या नैयायिकांनीही अन्वय आणि व्यतिरेक यांचा विचार फार पूर्वी केला होता. 'जेथे धूर तेथे अग्नी' हा अन्वय आणि 'जेथे अग्नी नाही तेथे धूर नाही' हा व्यतिरेक. आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ.

गेल्या वर्षी एका सोमवारी सकाळी ग्रंथालयाच्या वाचनकक्षातील दोन संगणकांपैकी एकाची जोडणी गेली. दोन्ही संगणक एकाच वेळी घेतलेले, दोघांची कार्यप्रणाली एकच, आणि दोघांना एकाच कंपनीचे यूएसबी वायफाय डोंगल. शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत त्याच आठवड्यात शुक्रवारी संपत होती. ज्यांच्या घरी संगणक नाही आणि ज्यांच्या लहानशा फोनवर ते लांबलचक अर्ज नीट उघडत नाहीत, असे विद्यार्थी दाराबाहेर रांगेत उभे होते. प्रथम वर्षाच्या एका मुलीबरोबर तिचे वडीलही आले होते. हातात उत्पन्नाच्या दाखल्याची पिशवी, मजुरी बुडवून आलेले, आणि गावाकडची शेवटची एस. टी. साडेपाचची. रांग निम्म्या वेगाने सरकली तर त्यांचा नंबर त्या दिवशी लागणार नव्हता.

बिघाडाची कारणे तेथल्या तेथे पुष्कळ निघाली. कोणी म्हणाले, रेंज गेली. कोणी म्हणाले, व्हायरस शिरला. कोणी म्हणाले, यंत्र जुने झाले, आता नवेच घ्यावे लागणार. ग्रंथपाल बाईंनी मला बोलावून विचारले, "तू पाहतोस का जरा? तंत्रज्ञ गुरुवारी येतो म्हणतो."

"बाई, पाहतो. पण आधी रांग चालू ठेवू या," मी म्हणालो.

कारण शोधण्यापूर्वी तात्पुरता उपाय करणे आवश्यक होते. बाईंच्या फोनवरून टेदरिंग करावयाचे ठरले. ग्रंथालयाच्या शिपाईमामांनी टेबलाच्या खणातील तार दिली. फोन भारित होऊ लागला, पण टेदरिंगचा पर्याय अंधूकच. वर सांगितलेल्या पहिल्या पायरीवरचाच हा दोष. "मामा, फोनच्या खोक्यातली मूळ तार आहे का?" असे विचारताच त्यांनी आपल्या पिशवीतून स्वतःची तार काढून दिली. ती लावताच विंडोजने आरएनडीआयएसचा अंगभूत दुभाषी पुढे केला आणि अर्ध्या मिनिटात रांग पुन्हा दोन तोंडांनी वाहू लागली. टेदरिंगचे हे मोठे वैशिष्ट्य लक्षात ठेवण्याजोगे आहे. डोंगलचा ड्रायव्हर नसताना फोन कामास येतो, कारण फोनची बोली संगणकाला आधीपासून येते. कपाटातील किल्लीची ही दुसरी प्रत होय.

परंतु फोनवरील माहितीचा रोजचा कोटा मर्यादित असतो. शिवाय कारण कळलेले नसताना दुसरा संगणकही त्याच मार्गाने जाणार नाही, अशी खात्री कोण देणार? दुपारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही शोधाला लागलो.

प्रथम असे पाहिले की त्याच वायफायवर दुसरा संगणक नीट चालत आहे. म्हणजे बाहेरची जोडणी आणि राऊटर निर्दोष. मग पहिल्याचे डोंगल दुसऱ्याला लावले, ते चालले. म्हणजे डोंगल निर्दोष. दुसऱ्याचे डोंगल पहिल्याला लावले; ते चालले नाही. म्हणजे दोष पहिल्या संगणकातच. त्याच तोंडाला पेनड्राइव्ह लावला, तो उघडला. डोंगल दुसऱ्या तोंडाला लावले, तरी तोच प्रकार. म्हणजे तोंडही निर्दोष. उरला तो ड्रायव्हर. डिव्हाइस मॅनेजर उघडला तर पिवळा त्रिकोण आणि क्रमांक १०.

येथपर्यंत निरनिराळ्या शक्यतांचे निरसन झाले. खरा व्यतिरेक पुढे होता. दोन प्रसंग एक गोष्ट सोडून सर्व बाबतींत सारखे असतील आणि एकात कार्य घडते, दुसऱ्यात घडत नाही, तर ती एक गोष्ट कारण किंवा कारणाचा अंश होय, असे मिल सांगतो. आमच्यापुढे दोन जुळे संगणक होते. दोघांच्या ड्रायव्हरची तारीख आणि आवृत्ती शेजारी-शेजारी लिहून काढली. त्या वेगळ्या निघाल्या. पहिल्या संगणकाच्या अद्ययावतीकरणाच्या नोंदीत शनिवारी सायंकाळी डोंगलचा नवा ड्रायव्हर आपोआप बसल्याचे दिसले. दुसरा संगणक शनिवारी सुरूच केलेला नव्हता. आता तो सुरू होता, तेव्हा तेच अद्ययावतीकरण त्याच्याही वाट्याला कोणत्याही क्षणी आले असते. म्हणून सर्वांत आधी दुसऱ्या संगणकाचे अद्ययावतीकरण काही दिवसांपुरते स्थगित केले.

आता उपाय. 'रोल बॅक ड्रायव्हर' या बटनाने जुना ड्रायव्हर परत आणता येतो; पण आमच्या संगणकावर ते बटन अंधूक होते, जुनी प्रत शिल्लक नव्हती. तेव्हा जुळ्या भावाकडून मदत घेतली. विंडोज १० आणि ११ मध्ये 'पीएनपीयूटिल' नावाची एक आज्ञा आहे. तिच्या साहाय्याने संगणकात बसविलेला ड्रायव्हर एका फोल्डरात काढून घेता येतो. दुसऱ्या संगणकातील चांगला ड्रायव्हर असा काढून पेनड्राइव्हवर घेतला. त्याला महाजालाची गरज लागली नाही. पहिल्या संगणकातील नवा ड्रायव्हर काढताना एक खबरदारी घेतली. उपकरण नुसते 'अनइन्स्टॉल' केल्यास ड्रायव्हरची प्रत संगणकाच्या कोठारात राहते आणि उपकरण पुन्हा लावताच तीच पुढे येते. म्हणून त्याच वेळी ड्रायव्हरही काढून टाकण्याच्या चौकटीत खूण करावी लागते. ती केली, मग पेनड्राइव्हवरील जुना ड्रायव्हर बसविला. हा क्रम उलटा करून चालत नाही. अनेक ड्रायव्हर उपलब्ध असतील तेव्हा विंडोज त्यांची प्रतवारी लावते आणि इतर बाबी समान असल्यास नव्या तारखेच्या ड्रायव्हरला झुकते माप देते. आमच्या बाबतीत नवा तोच नादुरुस्त होता.

डोंगलवरील दिवा लुकलुकू लागला. त्या मुलीचा अर्ज चारच्या सुमारास भरून झाला आणि पावतीचा कागद पिशवीत ठेवून दोघे एस. टी. स्थानकाकडे गेले. शुक्रवारपर्यंत रांगेतील कोणाचाही अर्ज संगणकामुळे राहिला नाही. तंत्रज्ञ गुरुवारी आले तेव्हा त्यांना दाखविण्यासाठी आमच्यापाशी दोन आवृत्त्यांचे आकडे लिहिलेला कागद होता. तो पाहून त्यांनी पाच मिनिटांत उरलेली तपासणी संपविली.

५. काही नेहमीचे चकवे

उपरोक्त प्रसंगात व्यतिरेकाने काम भागले. परंतु काही दोष सोंगे घेऊन येतात, त्यांचाही परिचय असावा.

पहिले सोंग सीडीचे. काही डोंगलांच्या पोटात विंडोजसाठीचा ड्रायव्हर साठविलेला असतो आणि तो देता यावा म्हणून डोंगल आरंभी स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवून घेते. ड्रायव्हर बसला की ते खऱ्या रूपात येते. लिनक्सवर मात्र पुष्कळदा ते सीडीच राहते. 'एलएसयूएसबी'मध्ये ०बीडीए:१ए२बी असे क्रमांक दिसले तर रिअलटेकच्या डोंगलने हे सोंग घेतले आहे असे समजावे. ती सीडी 'बाहेर काढली' (इजेक्ट), किंवा 'यूएसबी मोडस्विच' ही आज्ञावली वापरली, की सोंग उतरते आणि क्रमांक बदलतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी घराघरांत दिसणाऱ्या थ्री-जी डोंगलांचीही हीच तऱ्हा होती.

दुसरे सोंग सीरियल पोर्टचे. रास्पबेरी पाय झीरोसारखा छोटा संगणक यूएसबीने विंडोजला जोडला असता तो कधी कधी जाळे-जोडणीच्या यादीत न दिसता पोर्टांच्या यादीत 'यूएसबी सीरियल डिव्हाइस' म्हणून दिसतो. आरएनडीआयएसने सांगितलेला वर्ग जुन्या मोडेमच्या वर्गाशी मिळताजुळता असल्याने विंडोज भलताच दुभाषी नेमते. अशा वेळी 'अपडेट ड्रायव्हर' निवडून, यादीतून आपण स्वतः निवडतो असे सांगून, नेटवर्क अ‍ॅडॅप्टरांतील मायक्रोसॉफ्टचा 'रिमोट एनडीआयएस' हा ड्रायव्हर नेमून द्यावा.

तिसरा चकवा सहचारी परिवर्तनाचे सुंदर उदाहरण आहे. एका घटनेत चढउतार झाला की दुसऱ्या घटनेतही होतो, तर त्यांचा कार्यकारणसंबंध असला पाहिजे, हे ते तत्त्व. डोंगल चालते, पण त्याचा वेग मधूनच पडतो. नीट पाहिले तर शेजारच्या तोंडाला तिसऱ्या आवृत्तीची हार्ड डिस्क लावून माहिती उतरविताना वेग पडतो, ती काढली की सुधारतो. डोंगल लांब नेले तर थोडा, जवळ आणले तर अधिक पडतो. तिसऱ्या आवृत्तीच्या यूएसबीमधून निघणारा विद्युत्-गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, हे इंटेलने २०१२ मध्ये दाखवून दिले आहे, आणि बरेचसे वायफाय याच पट्ट्यात चालते. हातभर लांबीची जोडतार लावून डोंगल दूर ठेवणे, किंवा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरणे, हा त्यावरील उपाय. येथे ड्रायव्हर बदलून काही उपयोग नाही.

चौथा चकवा विजेच्या काटकसरीचा. थोडा वेळ काम नसले की विंडोज यूएसबी उपकरणाला झोपविते आणि काही डोंगले त्या झोपेतून नीट उठत नाहीत. 'पॉवर मॅनेजमेंट'च्या पानावरील, वीज वाचविण्यासाठी उपकरण बंद करण्यास परवानगी देणारी खूण काढून टाकावी.

पाचवा अवशेष पद्धतीचा. तार, ओळख, ड्रायव्हर, पत्ता आणि नाव या पाचही पायऱ्या तपासून झाल्या, सर्व ठीक. तरीही सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि प्रमाणपत्राची तक्रार येते. ज्ञात कारणांनी स्पष्ट होणारे सर्व वजा केल्यावर जे उरते, त्याचे कारण उरलेल्या गोष्टीत शोधावे. संगणकाचे घड्याळ पाहावे. आतील छोटी बॅटरी संपली असेल तर संगणक काही वर्षे मागे गेलेला असतो, आणि त्याला आजची प्रमाणपत्रे पुढच्या काळातली वाटतात!

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र सूचना. तेथे बहुतेक ड्रायव्हर कर्नेलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच असतात. त्यामुळे पुष्कळ उपकरणे काहीही न करता चालतात. पण ज्या डोंगलचा ड्रायव्हर बाहेरून आणून बसविला असेल, तो त्या विशिष्ट कर्नेलपुरताच तयार झालेला असतो. कर्नेल बदलले की जोडणी जाते. संगणक सुरू होताना यादीतून जुने कर्नेल निवडावे. जोडणी परत आली, तर कारण सिद्ध झाले. 'डीकेएमएस' नावाची यंत्रणा प्रत्येक नव्या कर्नेलसाठी ड्रायव्हर पुन्हा तयार करते, ती बसवून घ्यावी. काय घडले हे जाणण्यासाठी 'डीमेसेज' ही आज्ञा द्यावी. उपकरण लावल्यापासूनचा सारा वृत्तान्त ती सांगते.

६. काही पथ्ये

शेवटी चार पथ्ये सांगतो. एका वेळी एकच बदल करावा. तीन बदल एकदम केले आणि यंत्र चालू लागले, तरी कारण कळत नाही. यंत्र चालू असतानाच त्याच्या ड्रायव्हरची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवावी. 'सर्व ड्रायव्हर फुकट अद्ययावत करून देतो' असे म्हणणाऱ्या अनोळखी आज्ञावल्या संगणकात घेऊ नयेत. ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यापर्यंत पोहोचतो, म्हणून तो निर्मात्याकडून किंवा कार्यप्रणालीकडूनच घ्यावा. आणि अद्ययावतीकरण कायमचे बंद ठेवू नये. काम निकडीचे असताना ते चार दिवस पुढे ढकलणे शहाणपणाचे, पण सुरक्षिततेचे दोष त्यातूनच दुरुस्त होतात. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, हेही जुने संगणक वापरणाऱ्या संस्थांनी ध्यानात घ्यावे.

आमच्या ग्रंथालयात त्या प्रसंगानंतर एक नोंदवही ठेवली आहे. तिच्यात चार रकाने आहेत: काय दिसले, काय बदलले होते, काय करून पाहिले, काय झाले. पहिल्या रकान्यात 'नेट चालत नाही' असे लिहावयाचे नाही, असा ग्रंथपाल बाईंचा दंडक आहे. पायरी लिहावी लागते. आतापर्यंत त्या वहीत सात नोंदी झाल्या असून त्यांपैकी पाच कला शाखेच्या विद्यार्थ्यांच्या हातच्या आहेत. इतर विभागांनीही अशी एकेक वही ठेवण्यास हरकत नसावी. तिला खर्च नाही. फक्त जे पाहिले तेच लिहिण्याची आणि जे पाहिले नाही ते न लिहिण्याची सवय लागते. तर्कशास्त्राच्या तासाला आपले अध्यापक याहून अधिक काही मागत नाहीत.